पथ्यावरच्या माश्या

१

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. त्यांनी खोलीचे कुलूप काढले, पिशवी खाली ठेवली आणि कपाट उघडले. वरच्या फळीवरच्या चाळीस बाटल्यांत मिळून एकही जिवंत माशी नव्हती.

माश्या म्हणजे त्या तिळाएवढ्या, केळे नासले की येतात त्या. कुठून येतात हे घरच्या माणसांना कधी कळत नाही. या कीटकसंस्थेत मात्र त्या कुठून येतात, कधी येतात आणि त्यांची आजी कोण, हे सगळे वहीत लिहिलेले असे.

बाईंचा विषय धातूंचा. शरीराला लोखंड लागते, तांबे लागते, जस्त लागते. कमी पडले तर मरण आणि जास्त झाले तरी मरण. माणसाचे तसे आणि माशीचेही तसेच. बाईंनी सहा वर्षे या माश्यांना जस्त वर्ज्य केले होते, आणि तरी माश्या जगत होत्या, संसार करत होत्या. हे आश्चर्य सांगण्यासाठीच बाईंना परगावी बोलावले होते. संस्थेत त्यांना ‘पथ्यबाई’ म्हणत. अर्थात त्या समोर नसताना.

त्यांनी एकेक बाटली उजेडात धरली. जुन्या माश्या तळाशी पडल्या होत्या. अळ्या खाण्यातच वाळून गेल्या होत्या. नवी पिढी बाहेर आलीच नव्हती. बाईंनी वही काढली आणि चाळीस ओळींत चाळीस वेळा ‘मृत’ असे लिहिले. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून खाली नुसत्या दोन रेघा ओढण्याची सोय भाषेत आहे, पण त्यांनी ती घेतली नाही.

खालच्या फळीवर दुसऱ्या चाळीस बाटल्या होत्या. कपाट तेच, खाणे तेच, पथ्यही तेच. फरक एवढाच की वरच्या माश्यांचे डोळे पांढरे होते आणि खालच्यांचे लाल.

लाल डोळ्यांच्या माश्या मजेत होत्या.

२

“एका घरात, एका ताटात जेवणाऱ्यांपैकी निम्मे मेले आणि निम्मे ढेकर देतायत,” संचालक म्हणाले. “याला आजार म्हणत नाहीत. कुणीतरी निवडून मारलंय.”

ते हे ग्रंथपालांना सांगत होते. चौकशी समिती तिघांची होती. त्यातला एक आजारी पडला. दुसरा आधीच एका समितीवर होता, आणि एका माणसाने एका वेळी एकाच समितीवर असावे, असे त्याच समितीने ठरवले होते. उरले ग्रंथपाल.

ग्रंथपालांची पत्नी चार महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांचे मन रमावे म्हणून संस्था त्यांना कामे देत असे. आधी बागेची देखरेख दिली, मग खुर्च्यांची मोजणी, आता हा खून. त्यांनी बाग राखली होती, खुर्च्या मोजल्या होत्या. ते वेळेवर येत, वेळेवर जात. “किती छान सावरलात हो,” असे लोक जिन्यात म्हणत, आणि ते “हो” म्हणत, कारण दुसरे काही सुचत नसे.

“तीन आठवडे किल्ली तिघांकडे होती,” संचालकांनी बोटे मोजली. “खाणं बदलायला काकूंकडे. शेजारच्या टेबलावर काम करतात म्हणून तांबेवाल्यांकडे. आणि स्टोअरवाल्यांकडे, कारण सगळ्याच किल्ल्या त्यांच्याकडे असतात.”

“मग?”

“मग काय. काकू. बाई जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी सगळ्यांदेखत काय म्हटलं, ऐकलंत ना तुम्ही? ‘तुमच्या माश्यांना एक दिवस मीच बघून घेईन.’”

ग्रंथपालांनी ऐकले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या संस्थेने ऐकले होते.

“पंधरा दिवसांत अहवाल द्या,” संचालक म्हणाले. “निकाल त्यांच्याविरुद्ध गेला तर एक तारखेला त्यांनी काम सोडायचं. आणि संस्थेने राहायला दिलेली मागची खोलीही.”

त्या मागच्या खोलीत काकूंचा धाकटा भाऊ अकरा वर्षे अंथरुणावर होता.

३

काकू माश्यांच्या स्वयंपाकीण होत्या. एकोणीस वर्षे त्या रोज सकाळी माश्यांसाठी शिजवत आणि संध्याकाळी घरी माणसांसाठी, आणि दोन्हीत तक्रार फक्त माणसांची येते, असे त्या सांगत. ग्रंथपालांहून त्या चार वर्षांनी लहान होत्या. तरी ते त्यांना काकूच म्हणत.

“बसा दादा,” त्या म्हणाल्या. “विचारा काय ते. हात थांबवला तर गुठळ्या होतात, म्हणून ढवळत बोलते.”

शेगडीवर स्टीलचे मोठे पातेले होते. इतर माश्यांचे खाणे म्हणजे मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट. पथ्यबाईंचे वेगळे, पांढऱ्या भुकट्यांची सीलबंद पाकिटे, सगळी तोलून घ्यायची, जस्ताचा कणही नसलेली. भिंतीवर बाईंच्या हातची कृती चिकटवली होती. शेवटची ओळ होती: ‘निवल्यावर ॲसिड घालणे.’ हे ॲसिड बुरशी लागू नये म्हणून.

“तुम्ही असं का म्हणालात, माश्यांना बघून घेईन?”

“पंख्यासाठी. धूर बाहेर ओढणारा पंखा मागतेय सहा वर्षं. बाईंची एक सही हवी. ‘परत आल्यावर बघू’ म्हणाल्या. डोकं फिरलं माझं.” त्यांनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली. “पण माशीवर राग काढायचा म्हणजे किती छोटा राग पाहिजे, विचार करा.”

“कृतीप्रमाणेच करता सगळं?”

“अक्षरन् अक्षर.”

“ॲसिड इथेच घालता? पातेल्यात?”

पळी क्षणभर थांबली.

“इथेच,” काकू म्हणाल्या.

ग्रंथपालांनी मान डोलावली आणि मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे निळी प्लॅस्टिकची नवी बादली ठेवलेली होती. तिच्याभोवती फरशीवर एक गोल डाग होता, फरशीची झिलई खाऊन टाकलेला, जुना. डाग बादलीच्या बुडापेक्षा चांगला चार बोटे मोठा होता.

आणि व्हरांड्यात आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की इतका वेळ स्वयंपाकघरात ॲसिडचा वास आलाच नव्हता. तो इथे येत होता.

४

“मला संशयित केलंत, बरं वाटलं,” तांबेवाले म्हणाले. “आठ वर्षांत माझी कुणी दखल घेतली नव्हती.”

हे गृहस्थ माशीच्या पोटातले तांबे अभ्यासत. पथ्यबाईंच्या शेजारी त्यांचे टेबल होते, आणि बाईंचे कपाट रिकामे झाले तर ते आपल्याला मिळावे, असा त्यांचा अर्ज पाच वर्षे पडून होता. हेतू म्हणाल तर होता.

“कपाट हवं होतं तुम्हाला.”

“हवंय. माश्या मारून मिळणार असतं तर पहिल्याच वर्षी मारल्या असत्या. आता अर्ज करण्याची सवय लागलीय.”

“लाल डोळ्यांच्या का मेल्या नाहीत?”

तांबेवाल्यांनी कागद ओढला आणि माशी काढली. ती बटाट्यासारखी दिसत होती.

“माशीला मूत्रपिंडं नसतात. चार बारीक नळ्या असतात. या बघा. अन्नातलं जादा जस्त या नळ्यांमध्ये दाण्यादाण्यांनी साठतं. कोठारच म्हणा. जास्त आलं तर भरायचं, कमी पडलं तर काढायचं. पोरांनाही आई अंड्यातून शिदोरी देते. आता गंमत अशी, की डोळ्याचा रंग आणि हे दाणे एकाच कारखान्यातले. कारखाना बिघडला की डोळेही पांढरे आणि कोठारही रिकामं.”

“म्हणजे पांढऱ्या डोळ्यांच्या माशीचं हातावर पोट.”

“अगदी. रोज आणायचं, रोज खायचं. आणि बाईंचा शोध काय, तर ती न आणताही जगते. सहा वर्षं. लोक उठून टाळ्या वाजवतात. माझ्या तांब्याला कुणी बसूनसुद्धा वाजवत नाही.”

“आणि लाल डोळ्यांची?”

“तिला खाण्यात काही मिळालं नाही तरी काही दिवस पत्ताच लागत नाही. साठ्यावर चालू असतं. दिसायला एकदम ठणठणीत.” तांबेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिले. “तुम्हाला बरं नाही का?”

“नाही, नाही. ठीक आहे,” ग्रंथपाल म्हणाले.

५

चौकशीच्या चौथ्या दिवशी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. मेलेल्या बाटल्यांतले खाणे तपासायला पाठवले होते. लिफाफा पथ्यबाईंनी फोडला आणि ग्रंथपालांपुढे ठेवला. त्यांचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. माश्या मेल्यापासून त्या रोज वेळेवर येत, रिकाम्या बाटल्या धूत आणि पुन्हा फळीवर लावत.

“विष नाही,” त्या म्हणाल्या. “कीटकनाशक नाही, शिसं नाही, पारा नाही. जस्त नाही. सगळं माझ्या कृतीप्रमाणे आहे. काकूंनी काही घातलेलं नाही.”

“मग त्या सुटल्या.”

“संचालक म्हणतात, विष उडून जाणारं असेल. सापडलं नाही म्हणजे वापरलं नाही असं नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते खरे दिसत होते.

संध्याकाळी घरी ग्रंथपालांनी कुकर लावला. एका माणसाचा कुकर लावायला ते अजून शिकले नव्हते, दोन वेळचे उरे. मुलीचा फोन आला.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“काय?”

ते थांबले. पुढ्यात ताट होते. त्यात काय आहे हे त्यांनी खाली पाहून सांगितले.

“बाबा, तुम्हाला चव तरी कळते का हो?”

“सगळं प्रमाणात आहे,” ते म्हणाले. फोन ठेवला. घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

सगळे प्रमाणात आहे. जे नसायला हवे ते नाही. अहवालात काहीही जादा सापडले नाही, म्हणून सगळे गप्प बसले होते. काही कमी झाले आहे का, असे कुणी विचारलेच नव्हते.

६

सकाळी त्यांनी पथ्यबाईंना एकच प्रश्न विचारला.

“सहा वर्षांपूर्वी, सुरुवातीला, खाण्याची अशीच तपासणी केली होती?”

“अर्थात. प्रत्येक पाकिटाची. जस्त शून्य.”

“पाकिटाची. शिजलेल्या खाण्याची?”

बाईंनी हातातली बाटली फळीवर ठेवली.

“पाकिटात नाही तर पातेल्यात कुठून येणार?” त्या म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.

संस्थेतल्या प्रत्येक यंत्रातून निघालेला मोजणीचा कागद वर्षाच्या शेवटी बांधून ग्रंथालयात ठेवायचा, असा नियम होता. ते खंड ग्रंथपालांशिवाय कुणी उघडलेले नव्हते, आणि त्यांनीही फक्त बांधले होते. आता ते एकेक खंड काढून बसले. तिसऱ्या दिवशी, दोन वर्षांपूर्वीच्या खंडात, त्यांना तांबेवाल्यांचा एक कागद मिळाला. वर लिहिले होते: ‘शेजारीणबाईंचे पथ्याचे खाणे, उसने. तांबे मोजण्यासाठी.’

तांबेवाल्यांना वर बोलावले.

“हो, घेतलं होतं एक बाटलीभर. चांगलं शिजलेलं. त्यात तांबं किती ते बघायचं होतं.”

“हे यंत्र फक्त तांबं मोजतं?”

“छे. सगळे धातू एकदम मोजतं. प्रत्येकाची वेगळी रांग.”

“हा कागद इथे दुमडलेला का आहे?”

“तांब्याची रांग वर यावी म्हणून. बाकीच्यांचं मला काय करायचंय? मी तांब्याचा माणूस.”

ग्रंथपालांनी कागदाची घडी उलगडली. दोन वर्षे दुमडलेला कागद, तो सरळ व्हायला तयार नव्हता. तांबेवाल्यांनी चष्मा लावला, शेजारच्या रांगेवर बोट ठेवले आणि ते बोट तिथेच राहिले.

“जस्त,” ते म्हणाले. “थोडं आहे. पण आहे.”

ते खुर्चीत बसले.

“अहो, हे बाईंना कोण सांगणार?”

७

“त्याआधी दुसरं,” ग्रंथपाल म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी होतं. आता नाही. मध्ये काय बदललं?”

हे विचारायला ते स्टोअरवाल्यांकडे गेले. स्टोअरवाले म्हणजे संस्थेतले एकमेव सुखी गृहस्थ. तपासणीला वरून माणसे येणार म्हणून, बाई परगावी गेल्या त्याच आठवड्यात, त्यांनी सगळीकडची जुनी भांडीकुंडी हलवून नवी दिली होती, आणि त्याबद्दल अजून कुणी शाबासकी दिली नव्हती.

“पडदे बदलले. पायपुसणी. माश्यांच्या स्वयंपाकघरातली बादली बदलली, निळी दिली, छान आहे. आधीची पत्र्याची होती. आतून पांढरी पांढरी झालेली, खरबरीत. तपासणीला ते दिसलं असतं तर?”

“कुठे आहे ती?”

“मागे शेडमध्ये. भंगारात काढायला तीन सह्या लागतात. दोन झाल्यात.”

ग्रंथपालांनी बादली उचलली. वरच्या कड्याजवळ तिला राखाडी चमक होती. तळाला आणि बाजूंना, खाणे जिथपर्यंत येत असेल तिथपर्यंत, ती चमक खाल्लेली होती, आणि काही ठिकाणी खालचे लोखंड गंजून दिसत होते. बादलीचा पत्रा लोखंडाचा असतो. तो गंजू नये म्हणून वरून मुलामा देतात. मुलामा जस्ताचा.

ते बादली घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि व्हरांड्यातल्या त्या गोल डागावर ठेवली. तंतोतंत बसली.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी ढवळत नव्हत्या.

“पातेल्यात ॲसिड घातलं की वाफ डोळ्यांत जाते, दादा. खिडकी नाही, पंखा नाही. एकदा डोळे सुजून आठ दिवस घरी होते. मग बादलीत ओतून इथे वाऱ्यावर आणायला लागले. ॲसिड इथे घालायचं, तासभर ठेवायचं, मग बाटल्या भरायच्या. कृतीत लिहिलंय निवल्यावर. निवल्यावरच घालते.”

“किती वर्षं?”

“बाईंचं पथ्य सुरू झालं तेव्हापासून. सहा.” त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. “तेव्हा खोटं बोलले तुमच्याशी. मी कृती मोडली असं झालं तर खोली जाते. भावाला उचलून कुठे नेऊ, सांगा.”

ग्रंथपाल बादलीकडे पाहत होते. ॲसिड रोज थोडा मुलामा सोडवत होते, आणि सहा वर्षे पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या त्यावर जगत होत्या. मग कुणीतरी स्वच्छता केली.

“तुम्ही विष घातलं नाहीत, काकू,” ते म्हणाले. “तुम्ही औषध देत होतात. ते बंद झालं.”

“म्हणजे सुटले?”

ग्रंथपालांनी बादली पुन्हा उचलली. विषाच्या आरोपातून त्या सुटत होत्या, आणि त्याच वाक्यात कृती मोडल्याच्या आरोपात सापडत होत्या.

८

पुरावा म्हणून एक जुना कागद आणि एक बादली. संचालकांना हे पुरणार नव्हते. ग्रंथपालांनी तांबेवाल्यांना मदतीला घेतले आणि सातव्या दिवशी लाल डोळ्यांच्या चाळीस बाटल्यांची वाटणी केली. वीस बाटल्यांच्या अंड्यांना निळ्या बादलीतले खाणे, वीस बाटल्यांच्या अंड्यांना पत्र्याच्या. आठवड्याभरात नवी पिढी बाहेर पडायला लागणार होती.

“माझा हिशेब असा,” त्यांनी पथ्यबाईंना सांगितले. सांगणे शेवटी त्यांच्यावरच आले होते. “खाण्यातलं जस्त सगळ्यांचंच बंद झालं. पांढऱ्यांकडे साठा नव्हता, त्या लगेच गेल्या. लाल साठ्यावर निघाल्या. आईची शिदोरी एक पिढी पुरली. आता संपत आली असणार. निळ्या बादलीच्या लाल माश्याही या आठवड्यात बसतील, म्हणजे मरायला लागतील. बसल्या तर कुणाचा हात नव्हता. नाही बसल्या तर माझं चुकलं, आणि काकू गेल्या.”

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी गुणले.

“दीडशेच्या वर पिढ्या,” त्या म्हणाल्या. “त्या जस्ताशिवाय जगल्या नाहीत. मी त्यांना जस्त दिलं नाही, एवढंच.”

“माफ करा.”

“तुम्ही कशाला? माझ्या कामातलं शिजलेलं काही कुणीतरी तपासलं, ते पहिल्यांदाच.” त्यांनी पेन्सिलीला टोक काढले. टोक आधीच होते. “ग्रंथपाल, तुमच्या पत्नी गेल्या तेव्हा मी भेटायला आले नव्हते. माश्यांचं खाणं बदलायचा दिवस होता.”

“हरकत नाही.”

“हरकत कशाला होते, तेच हल्ली कळत नाही,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघे रोज सकाळी कपाटासमोर उभे राहत. एका संशयित बाईची खोली वाचावी म्हणून वीस बाटल्यांतल्या माश्या मराव्यात, अशी दोन सुशिक्षित माणसे वाट पाहत होती. अकराव्या दिवशी काही झाले नाही. बाराव्या दिवशी लाल ठणठणीत होत्या, दोन्हीकडच्या. तेराव्या दिवशी संचालकांनी काकूंच्या नावाचे पत्र टाइप करून ठेवले.

चौदाव्या दिवशी सकाळी पत्र्याच्या बादलीच्या वीस बाटल्या नव्या माश्यांनी गजबजल्या होत्या. निळ्या बादलीच्या बाटल्यांत काही कोश फुटले होते, बरेचसे मिटलेलेच होते. ज्या बाहेर आल्या होत्या त्या खाण्यावर पाय टाकून बसल्या होत्या, आणि बाटलीला टिचकी मारली तरी उडत नव्हत्या.

बाईंनी वही उघडली आणि आकडे लिहिले.

९

पंधराव्या दिवशी संचालकांच्या खोलीत पाच माणसे होती. काकूंनी बसायला नकार दिला होता, त्यामुळे कुणालाच नीट बसता येत नव्हते. ग्रंथपालांनी सगळे क्रमाने सांगितले. तांबेवाल्यांनी आपला कागद स्वतःच पुढे केला. संचालक पेपरवेट फिरवत ऐकत होते.

“हुशारी आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण हे बाहेर गेलं तर संस्थेचा सहा वर्षांचा शोध गेला. आपण ‘अज्ञात आजार’ लिहू. बाईंचं काम राहील. काकूंचंही नाव विषातून जाईल.”

“आणि खोली?” ग्रंथपालांनी विचारले.

“कृती मोडली हे तर त्यांनी कबूलच केलंय. आजाराचं कारण शेवटी तेच म्हणावं लागेल. कुणीतरी जबाबदार लागतं, हो. त्याशिवाय फाइल बंद होत नाही.”

काकूंनी जमिनीकडे पाहिले. तांबेवाल्यांनी खिडकीकडे पाहिले.

“कृती मी लिहिली,” पथ्यबाई म्हणाल्या.

“त्याचं काय?”

“ॲसिड निवल्यावर घाला, एवढंच लिहिलं. कुठल्या भांड्यात, ते लिहिलं नाही. जे लिहिलंच नाही ते त्यांनी मोडलं कसं? सहा वर्षं त्या माझ्या माश्यांना जेवू घालत होत्या. स्वयंपाकघर माझ्या खोलीपासून तीस पावलांवर आहे. मी एकदाही आत गेले नाही.”

“बाई, शांतपणे विचार करा. तुमचा निष्कर्ष…”

“मागे घेते. छापणाऱ्यांना पत्र लिहिलंय, सकाळीच टाकलं.”

“मला न विचारता?”

“विचारायला आले होते. तुम्ही काकूंचं पत्र टाइप करून घेत होतात.”

पेपरवेट थांबला. ग्रंथपालांना वाटले, आता बाई रडतील, किंवा निदान खुर्चीचा हात धरतील. त्यांनी तसे काही केले नाही. काकूंकडे वळून त्या म्हणाल्या, “माझी सही हवी होती ना तुम्हाला? कागद आणलाय का?”

“घरी आहे,” काकू म्हणाल्या. “पिवळा पडलाय.”

१०

दोन दिवसांनी फलकावर आदेश लागला. काकूंना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, आणि चष्मा भावाकडे असे. त्यांनी फलकावरून कागदच काढला, शेगडीजवळ आणला आणि ग्रंथपालांना बोलावून घेतले.

“वाचा, दादा. सावकाश.”

“‘सदर प्रकरणी कोणाचाही हेतुपुरस्सर हात आढळून आला नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.’”

“पुढे?”

“खाली सही आहे.”

“कामाचं?”

“कामाबद्दल काही नाही.”

“खोलीचं?”

ग्रंथपालांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी उजेडाकडे धरूनही पाहिली, कारण हल्ली ते कुठल्याही कागदाची मागची बाजू पाहत.

“खोलीबद्दल काही लिहिलेलं नाही.”

काकूंनी हे ऐकले. पातेल्यातल्या खाण्याला नुकता दाटपणा येऊ लागला होता. त्यांनी आच थोडी कमी केली.

“लिहिलेलं नाही ना?” त्या म्हणाल्या. “मग आहे.”

दारातून पथ्यबाई आत आल्या. काय करावे ते न कळून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांच्याकडे न पाहता पायाने एक स्टूल पुढे सरकवले, दुसरे ग्रंथपालांकडे, आणि पळी घेतली. दोघे बसले. खाणे तयार व्हायला वीस मिनिटे लागणार होती आणि तोवर कुणालाच कुठे जायचे नव्हते.